ईईजीत काही केल्या जाड पट्टा जात नाही, मदत हवी आहे (नागपूर)

धंतोली_टेक
नमस्कार मंडळी. धंतोलीत न्यूरोच्या एका दवाखान्यात ईईजी (डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विजेच्या लाटा टिपायच्या) टेक्निशियन आहे. काही दिवसांपासून रेकॉर्डिंगमधे जाड पट्टा येऊन राहिला, लाटा दिसतच नाहीत, नुसतं काळं. इलेक्ट्रोड बदलले, पेस्टचा नवा डबा उघडला, मशीनवाल्या माणसाला फोन केला तर तो रोज उद्या येतो म्हणते आणि येत नाही. सर संध्याकाळी रिपोर्टिंगला बसतात आणि "रिपीट" लिहून परत पाठवतात. पेशंट गडचिरोली, गोंदियावरून येतात, झोपेचं रेकॉर्ड मिळावं म्हणून रात्रभर लेकराला जागं ठेवून आणलेलं असते, त्या मायबापाला कोणत्या तोंडाने सांगू की पुन्हा या. लवकर सांगा कोणी, उद्या पण पेशंट आहेत.

न्यूरोलॅब_पुणे
सगळ्या चॅनेलला (दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकाची एकेक लाइन) आहे की एखाद्याच? नॉच (भिंतीतल्या विजेचे ५० हर्ट्झ कापणारा फिल्टर) चालू आहे की बंद? इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेचा अडथळा) किती? दिवसभर येतं की ठरावीक वेळी? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

बुलडीवाला
भाऊ टेन्शन काऊन घेतो. नॉच लाव ५० चा आणि हाय फिल्टर (वेगवान लाटा कापणारा) ७० हर्ट्झवरून १५ वर आण. लाइन एकदम गुळगुळीत. आम्ही तेच करतो, कोणी काही म्हणत नाही.

आयसीयूवाली_ताई
१५ वर आणायला कृपा करून कोणालाच सांगू नका. पेशंटने दात आवळले की स्नायूंचं जे खरखरीत येतं ते ७० वर ओळखू येतं, १५ वर आणलं की त्याची टोकं गोल होतात आणि ते मेंदूतूनच आल्यासारखं दिसतं, कधी बीटा (मेंदूची वेगवान लाट) वाटतं तर कधी चक्क स्पाइक (मिरगीची टोकदार लाट). त्यावर एखाद्या पोराला मिरगीची गोळी सुरू झाली तर ती वर्षानुवर्षं चालते. वाचणाऱ्याला स्वच्छ रेकॉर्ड द्यायचं हे आपलं काम, गुळगुळीत करून द्यायचं नाही.

बुलडीवाला
ताई, रिपोर्ट डॉक्टर करतात, आपण नाही.

आयसीयूवाली_ताई
डॉक्टर जे पाहतात ते आपण दिलेलंच असतं ना. पेशंटजवळ अर्धा-पाऊण तास आपण बसतो, तो कधी खोकला, कधी डोळे मिचकावले, हे आपणच लिहून ठेवतो.

धंतोली_टेक
सगळ्याच चॅनेलला आहे. इम्पीडन्स बहुतेक ५ किलोओहमच्या आत, कानाचे दोन मात्र १०-१२ दाखवतात. नॉच लावलं की पट्टा बारीक होते पण पूर्ण जात नाही. सकाळी ठीक असते, अकरा-बारानंतर सुरू होते.

गणिताचे_मास्तर
यानिमित्ताने नवीन मुलांसाठी. माणसाचा ईईजी पहिल्यांदा हान्स बर्गर यांनी १९२४ मधे जर्मनीत येना इथे घेतला आणि १९२९ मधे छापला. डोक्याच्या कातडीवर मिळणारी लाट साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टची, आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. म्हणजे किती पट ते मुलांनी स्वतः काढून पाहावं.

न्यूरोलॅब_पुणे
अकरा-बारानंतर खोलीत नवीन काय चालू होतं?

धंतोली_टेक
काही नाही, तेच टेबल, तेच मशीन, तोच बेड.

बायोमेड_काका
कानाच्या लीडवर, म्हणजे इलेक्ट्रोडवर, आधी बोलू. कान रेफरन्स म्हणून घेता का? घेत असाल तर गडबड सगळीकडे पसरणारच, कारण प्रत्येक चॅनेल त्याच्याशी वजा होतो. दोन्ही टोकांचा इम्पीडन्स सारखा असेल तर बाहेरची वीज दोन्हीकडे सारखीच येते आणि ॲम्प्लिफायर ती वजा करून टाकते, एक ३ आणि एक १२ असला तर फरक उरतो आणि तो ५० हर्ट्झ होऊन दिसतो. सगळे सारखे असणं हे कमी असण्याइतकंच महत्त्वाचं. कानाच्या पाळीला नुप्रेप (कातडी साफ करायची खरखरीत जेल) लावून हलक्या हाताने घासा, मग पेस्ट. ग्राउंडचा कप पण काढून परत बसवा, तो सुटला तर सगळंच जाते. मग सगळ्या लीडचे कप एका वाटीभर मिठाच्या पाण्यात बुडवून बघा, पेशंटशिवाय. तरी पट्टा आला तर दोष मशीनचा किंवा खोलीचा, नाही आला तर पेशंटवर शोधा.

इलेक्ट्रिक_मानेवाडा
मी वायरमन आहे. सोपं आहे, मशीनच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, अर्थिंगचा लूप तुटते, हम्म आवाज जाते. स्टेजवर साउंडवाले असंच करतात. नाहीतर मशीनच्या बॉडीपासून एक वायर नळाला बांधा.

बायोमेड_काका
दोन्ही करू नका, हात जोडतो. त्या मशीनच्या तारा माणसाच्या डोक्याला लावलेल्या असतात, कातडी घासून, ओली पेस्ट लावून. आत काही बिघडलं तर अर्थ नसलेल्या मशीनचा करंट पेशंटमधून जाईल. नळ आजकाल प्लास्टिकच्या पाइपचे असतात, त्यात अर्थ कुठून येणार. स्टेजवरचं स्टेजवर ठेवा.

इलेक्ट्रिक_मानेवाडा
वीस वर्षं झाली मला या लाइनमधे, मला नका शिकवू.

न्यूरोलॅब_पुणे
धागाकर्ते, पंखा? एसी? मोबाईलचा चार्जर? शेजारच्या खोलीत काही?

धंतोली_टेक
एसी नाही. कूलर आहे, तो तर असतेच ना, नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय कोण बसते. अकरापर्यंत खिडकी उघडी ठेवून चालते, नंतर लावावा लागते.

आयसीयूवाली_ताई
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं भाऊ!! कूलर बेडपासून किती लांब आहे? मशीन आणि कूलर एकाच बोर्डावर आहेत का?

धंतोली_टेक
बेडच्या डोक्याकडेच खिडकीत आहे. हो, एकच बोर्ड, एक्स्टेंशन लावलेला आहे.

बायोमेड_काका
आधी फक्त पंप बंद करून बघा, मग फॅन, मग प्लगच काढा, नुसता स्विच बंद केला तरी तार जिवंत राहू शकते. आणि कूलरच्या टाकीला टेस्टर लावा. पंपाची वायर पाण्यात मऊ पडते, टाकीत करंट उतरते, विदर्भात दर उन्हाळ्यात त्याने माणसं जातात. ईईजी नंतर, आधी ते.

वर्ध्याची_आई
माझ्या मुलाचा ईईजी पुढच्या आठवड्यात आहे. झटका आला की सासूबाई चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात. त्याने थांबतो का? आणि त्या दिवशी सकाळची गोळी द्यायची की नाही?

बुलडीवाला
आमच्या गावात पण कांदाच देते, होते बरं.

आयसीयूवाली_ताई
बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून वाटतं कांद्याने थांबला. ताई, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेला तर थेट दवाखाना.

बीएस्सी_झाली
हे काम शिकायला कोर्स कुठे असतो? मी पण नागपूरची आहे.

न्यूरोलॅब_पुणे
त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमधे न्यूरोटेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे, बंगळूरच्या निमहान्सच्या साइटवर पण बघ. नवीन धागा काढ, इथे हरवेल.

धंतोली_टेक
करून पाहिलं. पंप बंद केला तर पट्टा अर्धा झाला, प्लग काढला तर गेलाच, आणि टेस्टर टाकीला लावला तर लागला. सिस्टर रोज त्याच टाकीत बादलीने पाणी ओतते. ताबडतोब बाहेर काढला. बोर्ड उघडला तर अर्थची तार नुसती मागे लोंबत होती, कशालाच जोडलेली नाही. मानेवाडा भाऊ, तिसरी पिन काढायचं म्हणत होते, इथे ती असून नसल्यासारखीच होती. वायरिंग करून घेतली, मशीनला वेगळा पॉइंट. आता पट्टा नाही, नॉच बंद ठेवून पण लाइन दिसते. पण आता कूलर नाही तर पेशंट घामाने भिजते आणि सगळ्या लाइनी वरखाली डुलतात, खूप हळू. एकाचं तर दोन शेजारच्या लीडमधलं चॅनेल सपाटच येऊन राहिलं.

बायोमेड_काका
डुलणं घामाचं. सपाट म्हणजे पेस्ट जास्त झाली आणि घामात दोन कप एकमेकांना मिळाले, मधे पूल झाला, दोघांचं सारखंच येते म्हणून फरक शून्य. पेस्ट कपाएवढीच लावा, मधली जागा कोरडी पुसा. लो फिल्टर (हळू लाटा कापणारा) वाढवून डुलणं झाकू नका, खरा डेल्टा (मेंदूची हळू लाट) असला तर तोही जाईल. एसी मागा मॅनेजमेंटकडे, लेखी मागा. कूलरची हवा तशीही दमट, घाम वाळत नाही.

बुलडीवाला
नवतपा लागला की एसीत पण घाम येते, नागपूर आहे ते.

आयसीयूवाली_ताई
तोवर सकाळी आठच्या आत घ्या. जागरणाचे पेशंट तसेही सकाळी लवकर झोपतात, दुपारपर्यंत बसवून ठेवलं की लेकरं चिडतात, झोपेचं रेकॉर्डच मिळत नाही. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवायला सांगा, तेल नको, हे फोनवर आधीच सांगा म्हणजे गोंदियावरून तेल चोपडून कोणी येणार नाही.

धंतोली_टेक
आठचं सरांना विचारलं, हो म्हणाले. एसीचा अर्ज दिला, कॉपीवर सही घेतली. धन्यवाद सगळ्यांना, खूप मोठं काम झालं.

वर्ध्याची_आई
माझ्या गोळीचं कोणी सांगितलंच नाही.

आयसीयूवाली_ताई
सॉरी ताई. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं नसेल तर नेहमीच्या वेळीच द्यायची, मनाने चुकवायची नाही, एक डोस चुकला तरी झटका येऊ शकतो. उपाशी पण आणू नका. आधीचे रिपोर्ट असतील तर सोबत ठेवा, आणि घरी कोणी झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, फार कामाचा असतो.