मदत हवी आहे: क्रश सँडमधलं एम ६० काँक्रीट तासाभरात आवळतंय

दाभोळ खाडीत जेटीच्या तुळया भरायच्या आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं काम, सळईपर्यंत क्षार पोचताच कामा नये. म्हणून पाणी-बाइंडर (सिमेंट, फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम मिळून) प्रमाण ०.३२ च्या वर नेणार नाही.

माल जवळचाच: काळ्या दगडाची खडी (२० आणि १० मिमी), त्याच खाणीची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), ओपीसी ५३ सिमेंट, २५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख), ७ टक्के सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिका पूड), पीसीई ॲडमिक्स्चर (कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन). खाडीची वाळू अजिबात नको. पाणी बोअरचं, क्लोराइड तपासलेलं.

चाचणीच्या क्यूबची एम ६० ची (६० एमपीए) ताकद मिळतेय. पण मिक्सरवर १८० मिमी असलेला स्लंप (माल किती पातळ याचं माप) बार्जने तुळईपर्यंत पोचेतो ६० वर येतो. माल इतका चिकट की व्हायब्रेटरची सुई काढली तरी भोक बुजत नाही. पीसीईचा डोस वाढवला की खडी सुटी पडते. खडी आदल्या रात्री भिजवून आणि पहाटे भरूनही पाहिलं, फरक किरकोळ.

सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची धूळ ११ टक्के आहे. मिथिलीन ब्लू चाचणी (धुळीत चिकणमाती आहे का ते दाखवणारी) अजून व्हायची आहे. धूळ मातीची असेल तर पीसीई तीच शोषून घेत असणार, असा माझा अंदाज. पण सगळी धुतली तर ब्लीडिंगची (पाणी वर सुटण्याची) धास्ती वाटते.

कोकणातल्या क्रश सँडवर एम ५० च्या पुढे काम केलेल्यांनी सांगा: आधी सँड धुऊन घेऊ, सिलिका फ्यूम ५ टक्क्यांवर आणू, की स्लंप टिकवणारं दुसरं पीसीई लावून बघू?