युरोप क्रूझ: कुठे बोटीची टूर, कुठे आपलं आपण?

सुनीताकाकू: बोटवाल्यांची शोअर एक्सकर्शनची, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या टूरची, यादी आली आहे. वाचूनच दमले. एकेका बंदराला इतक्या टूर, आणि सगळे भाव युरोत. मंदार, अनघा, तुम्ही बघा बाई.

मंदार: आपला रूट परत टाकतो. रविवारी बार्सिलोनाहून निघणार. सोमवार मार्सेय, मंगळवार जेनोआ, बुधवार चिविटावेक्या, गुरुवार नेपल्स, शुक्रवार पालेर्मो, शनिवार पूर्ण दिवस समुद्रात, रविवारी सकाळी परत बार्सिलोना.

विलासकाका: हे चिविटावेक्या काय मध्येच? बुधवारी रोम आहे ना?

अनघा: काका, तेच रोम. जाहिरातीत रोम लिहितात, बोट लागते चिविटावेक्याला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर.

विलासकाका: म्हणजे मुंबई सांगून खोपोलीला उतरवणार!

अनघा: अगदी तसंच 😄 म्हणून टूरचे फोटो बघण्याआधी धक्क्यापासून शहर किती लांब आहे ते बघायचं. जेनोआ, नेपल्स, पालेर्मो इथे बोट गावातच लागते, उतरलात की चालायला सुरुवात. तिथे बसच्या टूरला पैसे घालू नका. रोमच्या दिवशी मात्र बोटीची बस घ्या.

शुभाआत्या: पण ट्रेन आहे ना गं? शेजारच्या जोशीबाई म्हणत होत्या, ट्रेनने फार स्वस्तात होतं.

अनघा: आहे की आत्या. साधी रीजनल ट्रेन, तासाभरात रोम. मी एकटी असते तर तीच घेतली असती. पण बंदराच्या गेटपर्यंत एक बस, तिथून स्टेशनला जायचं, कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारायचा (विसरलं की दंड), आणि त्यात इटलीत रेल्वेचे संप नेहमीचे. संपाच्या दिवशीही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही गाड्या ठेवतात, पण आपल्याला परत यायचं असतं नेमकं दुपारी चारला. बोटीच्या टूरची बस अडकली तर बोट थांबते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर बोट निघून जाते, पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं.

मंदार: यूट्यूबवर आहेत तसले व्हिडिओ. लोक धक्क्यावर धावतायत आणि वर बाल्कनीतून बाकीचे टाळ्या वाजवतायत.

सुनीताकाकू: नको गं बाई. ह्यांना तर जेवण झाल्यावर वामकुक्षी लागते.

विलासकाका: मी वामकुक्षी विमानात काढीन. रोमला सिस्टिन चॅपल, सेंट पीटर्स चर्च, कलोसियम, ट्रेव्हीचं कारंजं. चारही हवेत.

अनघा: काका, सातला बोट लागणार, सहाच्या आत परत चढायचं. बसचा जाऊन-येऊन तीन तास धरा. हातात उरतात सहा-सात तास, त्यात जेवण. आणि बुधवार आहे! बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात, सेंट पीटर्सचं पूर्ण पटांगण भरलेलं असतं, चर्चमध्ये दुपारपर्यंत सोडत नाहीत. तुमच्या यादीतल्या "व्हॅटिकन हायलाइट्स"मध्ये चर्च आत जाऊन आहे की बाहेरून, ते नीट वाचा. "फोटो स्टॉप" लिहिलं असेल तर बस पाच मिनिटं थांबणार, एवढाच अर्थ.

मंदार: काकू, खरंच बघा, बारीक अक्षरात असतं.

सुनीताकाकू: बघितलं. "बाहेरून दर्शन" असं आहे. लबाड!

अनघा: मग व्हॅटिकन सोडा. म्युझियम बुधवारी उघडं असतं, पण सिस्टिन चॅपलपर्यंत पोचेपर्यंत आत खूप चालावं लागतं, काकूंचा गुडघा तिथेच संपेल. बोटीची नुसती ने-आण करणारी बस घ्या, त्यात गाईड नसतो म्हणून स्वस्त. कलोसियमचं वेळेचं तिकीट मी आधी काढून ठेवते, आत लिफ्ट आहे. मग जेवण, टॅक्सीने ट्रेव्ही, परत. बस रोममध्ये नेमकी कुठे सोडते ते बुक करताना विचारून घ्या.

शुभाआत्या: आणि सेंट पीटर्स?

विलासकाका: पोपला सांग, पुढच्या वेळी.

शुभाआत्या: दादा 🙄

मंदार: रोम लॉक करतो. मार्सेय?

विलासकाका: मार्सेयला कुठलीही टूर नको. मला समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आहे. ८ जुलै १९१०, मोरिया बोट. सावरकरांनी इथेच उडी मारली, पोहत धक्का गाठला, फ्रेंच भूमीवर धावले, आणि फ्रेंच पोलिसाने धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. हेगच्या लवादापर्यंत गेलं प्रकरण. १९११ मध्ये निकाल लागला, तोही इंग्रजांच्या बाजूने.

अनघा: काका, नक्की जा. फक्त आपली बोट शहरापासून बरीच लांब, उत्तरेकडच्या गोदीत लागते. तिथून पायी निघू नका, नुसते ट्रक आणि कंटेनर. शटलने जुन्या बंदराकडे या. तिथून वर टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द चर्चला बस जाते. वरून बंदरं, बेटं, सगळा किनारा एका नजरेत येतो. तुम्हाला उभं राहायचं तर तिथे राहा.

विलासकाका: 🙏 हे बरं सुचवलंस.

शुभाआत्या: माझ्या खाण्याचं काय? बोटीवर मिळेल, पण खाली उतरल्यावर?

अनघा: जेनोआला फरिनाता खा आत्या. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, गरम गरम कापून देतात.

शुभाआत्या: अंडं?

अनघा: नाही. पेस्तोमध्ये, म्हणजे तिथल्या बेसिलच्या हिरव्या चटणीत, मात्र पार्मेसान चीज असतं, आणि ते बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. चालत असेल तर खा.

शुभाआत्या: हे सांगायला हवं होतं का? 😞

मंदार: जेनोआ = जुन्या गल्ल्या + फरिनाता, नो टूर. पालेर्मो पण नो टूर, बाजारात हिंडायचं. नेपल्स?

विलासकाका: पाँपेई! ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर. तिथे वाद नको.

अनघा: वाद नाही, पण गाडी दोन दिशांना जाणार. पाँपेईच्या रस्त्यांवर मोठाले दगड बसवलेत, सावली जवळजवळ नाही, तीन तास तरी चालणं. काका आणि मंदार, तुम्ही जा. धक्क्यासमोर मुनिचिपिओ मेट्रो, तिथून गारिबाल्दी स्टेशन, मग चिरकुमवेसुवियाना नावाची लोकल. पाऊणेक तासात पाँपेईच्या दाराशी. गर्दी चिक्कार, पाकीट पुढच्या खिशात. आता तिथे दिवसाला २०,००० लोकांनाच सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढायचं.

सुनीताकाकू: आणि आम्ही दोघी बोटीवर भजन करायचं का?

अनघा: तुमच्यासाठी ह्याहून भारी आहे. त्याच मुनिचिपिओहून मेट्रोने तिसरं स्टेशन, मुझेओ. वाटेत तोलेदो स्टेशनवर उतरून निळं मोझाइक बघा, स्टेशन बघायला लोक तिकीट काढतात. मग पुरातत्त्व संग्रहालय. पाँपेईतली चांगली भित्तिचित्रं, मोझाइक, सगळं इथे आणून ठेवलंय. आणि १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली एक हस्तिदंती भारतीय मूर्ती आहे, वीतभर उंच. तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, पण बरेच अभ्यासक यक्षी मानतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्यात.

शुभाआत्या: तेर? धाराशिवजवळचं? गोरोबाकाकांचं?

अनघा: तेच. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पाँपेई गाडलं गेलं, त्याच्याही आधी ती तिकडे पोचलेली होती. व्यापार होता ना रोमशी.

सुनीताकाकू: झालं ठरलं. पाँपेई तुम्हाला लखलाभ.

अनघा: फक्त एक. ती मूर्ती "गुप्त दालन" म्हणतात त्यात आहे. तिथल्या बाकीच्या वस्तू जरा... रोमन लोक फार मोकळे होते.

सुनीताकाकू: आम्ही खजुराहो पाहिलेलं आहे.

मंदार: 😂😂 बरं, बोटीवर चढलात की फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात बोटीचं नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल भयानक येतं. आणि फोनचं घड्याळ नाही, बोटीची वेळ धरायची.

अनघा: कलोसियम आणि पाँपेई दोन्ही तिकिटं नावावर असतात, गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात. सगळ्यांनी पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं पाठवा, आज रात्रीच काढते.

विलासकाका: 📷 फोटो

मंदार: काका, हे आधार कार्ड आहे. पासपोर्ट हवाय. आणि ग्रुपवर नको, आधी हा डिलीट करा, अनघाताईला वेगळा पाठवा.

विलासकाका: डिलीट कुठून करायचं?