अनुभव धागा: गोव्यात स्नॉर्केलिंगला कुठे उतरलात, आणि पाणी कसं मिळालं?

पर्वरीकर
दिवाळी उलटली की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात, "अगं, गोव्यात स्नॉर्केलिंग कुठे चांगलं?" फोटोत पाहिलेलं निळंशार पाणी डोक्यात ठेवून माणसं येतात आणि हिरमुसून जातात. ते पाणी अंदमान-लक्षद्वीपचं. आपल्याकडे मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्या पावसाळाभर गाळ आणून ओततात, शिवाय किनाऱ्यालगत वाळू आणि चिखल. त्यामुळे पाणी हिरवट असतं. तरीही मास्क आणि नळी लावून, तरंगत पाहण्यासारखं आपल्या खडकांत खूप आहे. फक्त जागा, महिना आणि तास, तिन्ही जुळावे लागतात. म्हणून हा धागा काढतेय. कुठे, कोणत्या महिन्यात, किती वाजता उतरलात आणि काय दिसलं ते लिहा. बोटवाल्यांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात. ग्रँड आयलंड (वास्कोजवळचं बेट), फेब्रुवारी, सकाळची पहिली बोट. बेटाच्या जमिनीकडच्या बाजूला आडोसा असतो, लाट कमी, म्हणून तिथे नांगर टाकायला लावला. खडकाला लागून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे झुंडीने फिरत होते. मग एक पोपटमासा दिसला. चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचं शेवाळ खरवडत होता आणि त्याचा करकर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येत होता. मी हात-पाय न हलवता नुसती तरंगत राहिले, तेव्हा तो अगदी जवळ आला. धडपड केली की मासे पांगतात आणि तळाचा गाळही उठतो.

काणकोणकर
चांगला विषय. आमच्याकडे पाळोळेच्या उत्तर टोकाला काणकोण बेट आहे, ओहोटीला चालत जाता येतं. त्याच्या कडेचे खडक आणि पुढे बटरफ्लाय बीचच्या दोन्ही हातांचे खडक, या माझ्या आवडीच्या जागा. बटरफ्लायला पाळोळे किंवा आगोंदहून होडी मिळते.

पण जागेपेक्षा मी तिथीवर जास्त भर देईन. रापणकारांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा) जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि सगळा गाळ ढवळून निघतो. अष्टमीनंतर दोन-तीन दिवस भांगाचं पाणी, ओढ कमी. म्हणजे नवमी ते एकादशी भरती सकाळीच भरते, ओढ नसते आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटलेला नसतो. तिन्ही गोष्टी एकदम जमतात! भरती भरत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटी लागली की खाडीतला गढूळपणा बाहेर पडतो, म्हणून नदीच्या मुखाजवळ ओहोटीत उतरू नका. दुपारी अकरा-बारानंतर वारा पाण्यावर बारीक लाटा उठवतो. मग मास्कमधून काही धड दिसत नाही आणि नळीतही पाणी शिरतं.

आमच्या घरच्या कालनिर्णयावर या तिथ्यांना खूण केलेली असते. सुट्टी घेण्याआधी तुम्हीही बघा.

कोथरूडकर
वरचं वाचून आमच्या ट्रिपचा उलगडा झाला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारानंतर पाण्यात! पॅकेजमध्ये डॉल्फिन, जेवण, फिशिंग, स्नॉर्केलिंग सगळं होतं. प्रत्यक्षात बोट खच्चून भरलेली, पाण्यात जेमतेम पंधरा मिनिटं, तीही टायरला धरून. मास्क बायकोला सैल होता, बदलून मागितला तर "सगळे सारखेच" असं उत्तर. वर मासे जमवायला पाण्यात ब्रेड फेकला.

आता बुक करण्याआधी मी फोनवर विचारतो: पाण्यात नक्की किती वेळ? एका गाइडमागे किती माणसं? लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळणार का? पर्यटन खात्याचा परवाना आहे का? बोलण्याची टाळाटाळ झाली की दुसरीकडे.

मडगावची_आई
पोहता येत नाही आणि चष्मा आहे, अशा माणसांसाठी लिहिते. पॉवरचे मास्क मिळतात, आपला नंबर सांगून आधीच विचारा. मास्क बसतो का हे बघायला पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमचा. केसाची एक बट जरी कडेखाली अडकली तरी पाणी झिरपतं, दाढी-मिशीवाल्यांनाही हा त्रास होतो. नळीतून तोंडाने श्वास घ्यायची सवय कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनच करा. मी जॅकेट घालून, गाइडचा हात धरून बोगमाळोला उतरले होते. भीती गेली ती श्वास लांब झाल्यावर.

लहान मुलांना मात्र मी अजून बोटीने नेत नाही. हणजूणला ओहोटीच्या वेळी खडकांत पाण्याची डबकी उरतात, तिथे मास्क नुसता पाण्याला टेकवायचा. मुलीला समुद्रफूल सापडलं. तिची सावली पडताच ते मिटलं आणि मग उघडेपर्यंत ती जागची हलली नाही. पायात जाड बूट हवेतच, खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

मालवणी_मी
गोवेकरांनी रागावू नये, पण प्रवाळ बघायचे असतील तर दोन-तीन तास उत्तरेला, मालवणला या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं. दक्षिणेला जायचं तर कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट, तिथे पाणी आमच्यापेक्षाही स्वच्छ, पण बेट खोल समुद्रात आहे, पोहायची सवय हवी.

दोनापावल_डायव्हर
राग कसला, बरोबर आहे. ग्रँड आयलंडलाही प्रवाळ आहेत, पण विखुरलेले. कोथरूडकरांनी ब्रेडचं लिहिलं त्यावर थोडं. शेवाळ खाणाऱ्या माशांना ब्रेडची चटक लागली की खडकावरचं शेवाळ वाढतं आणि प्रवाळ त्याखाली दबतात. त्यामुळे बोटवाल्याला सरळ सांगा, आमच्यासाठी टाकू नका. प्रवाळावर उभं राहू नका. दिसायला दगड, पण वरचा पातळ थर जिवंत असतो. तुकडा उचलून आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, पाठ भाजत नाही.

महिने म्हणाल तर पावसाळ्यात प्रश्नच नाही. ऑक्टोबरात बोटी सुरू होतात, पण पाणी निवळायला वेळ लागतो. मी डिसेंबर ते मार्चच म्हणेन.

नाशिकचा_निनाद
जानेवारीत येतोय. आईबाबा साठीपुढचे, बाबांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ग्रँड आयलंड करू का?

पर्वरीकर
बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा, ते नको म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तरी बोटीची ट्रिप तुमच्यापुरती ठेवा, उघड्या समुद्रात बोटीच्या शिडीवरून चढ-उतार करताना दमछाक होते. आईबाबांसाठी पाळोळेला मुक्काम करा, काणकोणकरांनी सांगितलेल्या तिथीला. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून. खडक तिथून लांब आहेत, मासे कमी दिसतील, पण शांत पाण्यात पहिला अर्धा तास त्यांना नीट मिळेल. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी पाण्यात नाही. येऊन गेलात की इथेच लिहा.