ओम्नीचं मागचं डावं चाक तापतंय, ब्रेक पूर्ण सुटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ओम्नी, २००४ चं मॉडेल, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. आम्ही देवरुखचे. वडिलांनी घेतलेली गाडी आहे आणि अजून रोजच्या कामाची आहे. सीझनला आंब्याच्या पेट्या भरून साखरप्यावरून आंबा घाट चढते आणि मलकापूरमार्गे कोल्हापूरला जाते. पावसाळ्यात मात्र बराच काळ अंगणात उभीच असते.

आता त्रास सांगतो. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की गाडी पूर्वीसारखी पळत नाही, लगेच वेग मरतो. थांबून मागे गेलं की डाव्या चाकापाशी जळका वास येतो. ड्रमवर पाणी शिंपडलं तर थेंब चर्र करून उडून जातात. उजव्या ड्रमवर तेच थेंब नुसते ओघळतात. डाव्या रिमवर काळी पूडही जमते. गाडी रिकामी असली तर कमी तापतं, माल भरला की जास्त. आणि मला सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे घाट चढून वर गेल्यावरही ड्रम तापलेला असतो. चढाला आपण ब्रेकला पाय लावत नाही, म्हणजे लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) आपणहून ड्रमला घासत असणार.

पेडल ठीक आहे. उंची तीच, स्पंज लागत नाही, ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली नाही. पाठीमागून कुठे गळती नाही, ॲक्सलच्या सीलमधून लायनरवर तेल आलेलं नाही.

गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, डावा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा) नवीन टाकला, ड्रम लेथवर फिरवून घेतला. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता ते म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की सगळ्या चाकांकडे ऑइलचा दाब पाठवणारा) बदला, नाहीतर गाडी जुनी झाली, चालायचंच. हे दोन्ही मला पटत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकत असता तर एकटं डावं चाक कसं धरलं असतं? मागच्या ॲक्सलला बॉडीकडून एकच रबरी होज येतो आणि तिथून लोखंडी पाईप दोन्ही चाकांना जातात, हे मी खाली झोपून बघितलं आहे. होज आतून सुजला असता तर उजवं चाकही तापायला हवं होतं.

घाई करतोय ती घाटामुळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावा मुरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते. व्हील सिलिंडर तापलेल्या ड्रमच्या आतच बसलेला असतो. भरल्या गाडीने आंबा घाट उतरताना तिथे वाफ धरली तर पेडल थेट खाली जाईल. म्हणून सध्या माल नेणं थांबवलं आहे.

पुढचा पार्ट विकत घेण्याआधी नक्की दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसं शोधायचं? जॅक, दोन स्टँड आणि पान्ह्यांचा सेट आहे.

प्रतिसाद

भाऊ, माल थांबवलात ते उत्तम केलंत. मास्टर आणि होजबद्दलचा तुमचा तर्क बरोबर आहे, दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आता दोनच शक्यता उरतात. एक तर डाव्या बाजूला ऑइलचा दाब अडकतोय, नाहीतर शू (लायनर ज्यावर बसवलेला असतो तो भाग) यंत्रणेतच कुठेतरी अडकतोय. हे ओळखायची परीक्षा सोपी आहे, पण गाडी तापलेली असतानाच करायची. थंड झाल्यावर चाक सुटतं आणि काहीच कळत नाही.

थोडी चालवून आणा, सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रल करा आणि फक्त डावं चाक उचलून स्टँड द्या. ओम्नीचा ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे, त्यामुळे एक चाक फिरवताना प्रोपेलर शाफ्टही फिरतो आणि चाक थोडं जड लागणारच. तेवढ्यावरून घाबरू नका. उजवं चाक तसंच उचलून आधी अंदाज घ्या. मग डाव्या व्हील सिलिंडरचा निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करा, तोंडाशी पाइप आणि बाटली धरा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे त्या बाजूचा पाईप चेपलाय का ते बघा. ऑइल नुसतं ठिबकलं आणि चाक तसंच जड राहिलं तर हायड्रॉलिकचा विषय संपला.

दुसरं निघालं तर हँडब्रेकची केबल बॅक प्लेटपाशी (ड्रमच्या मागची न फिरणारी ताटली) सोडवा आणि चाक पुन्हा फिरवा. माझा संशय तिच्यावरच आहे, कारण माल भरला की जास्त तापतं असं तुम्ही लिहिलंय. भार पडला की पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, ॲक्सल आणि बॉडीतलं अंतर बदलतं आणि केबलचा बाकही बदलतो. चांगली केबल आवरणात सरकून ते सांभाळून घेते. गंजलेली केबल सरकत नाही, शूचा लिव्हर ओढून धरते.

केबल सोडूनही चाक जडच राहिलं तर ड्रम काढा. बॅक प्लेटवर ज्या उंचवट्यांवर शू सरकतात तिथे खाच पडली आहे का बघा. नवा शू जुन्या खाचेत अडकून परत येत नाही, हे जुन्या गाड्यांत नेहमीचं. रिटर्न स्प्रिंग जुन्याच ठेवल्या असतील तर त्याही बदला. उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाने पुसल्याएवढंच. आणि आतली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. निपल सैल केला, ऑइल नुसतं ओघळलं, चाक जड ते जडच. केबल बॅक प्लेटपाशी सोडली आणि चाक एकदम हलकं झालं, उजव्यासारखंच. मग केबल हातात घेऊन तपासली. पाट्याजवळच्या क्लॅम्पपाशी बाहेरचं आवरण चिरलंय, आतून तांबूस गंजाचं पाणी आलं. ओढली तर करकरत बाहेर येते, सोडली तर परत जात नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी उभी असायची, पाणी तिथूनच शिरत गेलं असणार.

नवी केबल तालुक्याला मिळतेय. उजवीकडचीही सोबत बदलू का? आणि ताण कधी द्यायचा?

प्रतिसाद

दोन्ही बदला. उजवी तेवढीच जुनी आहे, आणि एक नवी, एक जुनी ठेवली की दोन्ही चाकांना ओढ सारखी बसत नाही. बसवताना क्लॅम्प त्याच जागी घ्या, केबलला तीव्र बाक येऊ देऊ नका. ताण सगळ्यात शेवटी: आधी ड्रम बसवून पेडल काही वेळा दाबा म्हणजे शू आपल्या जागी येतील, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या तेवढ्याच दातांवर (ओढताना कटकट वाजतात ते) हँडब्रेक धरेल एवढाच ताण द्या. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना हे जॅकवरच बघा. डावे लायनर काढून पृष्ठभाग तपासा. काचेसारखा चकाकत असेल किंवा तडे गेले असतील तर दोन्ही बाजूंचे बदला. ऑइलही पूर्ण काढून नवं भरा, डाव्या सिलिंडरमधलं बरंच तापलेलं आहे. आणि माल भरण्याआधी गाडी रिकामी साखरप्यापर्यंत नेऊन दोन्ही ड्रमवर पुन्हा पाणी टाकून बघा.