थ्रेड्सला जोडून घ्यायचं की ब्लॉक करायचं?

फाटकी छत्री:
मास्टोडॉन म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हर्सचं सोशल नेटवर्क. आमच्या छोट्या मास्टोडॉन सर्व्हरवर सध्या हाच वाद पेटलाय, म्हणून धागा काढतोय. मेटाच्या (फेसबुकवाल्यांच्या) थ्रेड्स या सोशल ॲपला जोडून घ्यायचं, म्हणजे इकडच्या-तिकडच्या लोकांना एकमेकांच्या पोस्टी दिसू द्यायच्या, की सर्व्हरच्या पातळीवरच ब्लॉक? माझं मत ब्लॉक. जून २०२३ मध्ये, थ्रेड्स बाजारात यायच्या आधीच, बऱ्याच सर्व्हर चालवणाऱ्यांनी ‘फेडिपॅक्ट’ नावाच्या जाहीरनाम्यावर सह्या करून हेच ठरवलं होतं. उगाच नाही. गूगल टॉक, म्हणजे जीमेलवाल्यांची चॅट, २००५ साली एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर (कोणालाही वापरता येणाऱ्या निरोपांच्या नियमावलीवर) आलं, पुढच्या वर्षी इतरांच्या सर्व्हरशी जोडलंही गेलं. सगळे खूश. २०१३ मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची सोयच नव्हती. ज्यांची सगळी मित्रमंडळी जीमेलवर, ते बसले हात चोळत.

अर्धा चहा:
आलंच का गूगल टॉक! अहो, एक्सएमपीपी आजही चालू आहे. गूगलमुळे आलेले लोक गूगलबरोबर गेले. यात आपल्या खिशातलं काय गेलं?

फाटकी छत्री:
सवय गेली. आधी लोक मित्रांच्या मागे लागून त्यांना आपल्या सर्व्हरवर आणायचे. मग ‘जीमेल आहे ना तुझं, चालेल की’ सुरू झालं. आणायचं कोणाला आणि कशाला?

सौ. निवांत:
मला प्रोटोकॉलमधलं कळत नाही. माझी नणंद, मावसभाऊ, विणकामाचा अख्खा गोतावळा थ्रेड्सवर आहे. इथे लोकल टाइमलाइनवर, म्हणजे आपल्याच सर्व्हरच्या पोस्टींच्या यादीत, दुपारभर माझ्याच पोस्टी दिसतात मला! ब्लॉक केल्याने मेटाला काही फरक पडणार नाही, शिक्षा मला होणार.

अर्धा चहा:
तेच म्हणतोय. मास्टोडॉनमध्ये प्रत्येकाला स्वतःपुरतं अख्खं डोमेन, म्हणजे समोरचा पूर्ण सर्व्हर, ब्लॉक करता येतं. ज्याला नको त्याने करावं, ॲडमिनने सगळ्यांचं पालकत्व कशाला घ्यायचं? मास्टोडॉन ज्यांनी उभं केलं त्या ऑयगेन रोख्को यांनीही थ्रेड्सचं स्वागतच केलं होतं.

रात्रपाळी:
मी एक सर्व्हर सांभाळतो. ‘स्वतःपुरतं ब्लॉक’ ही अर्धीच गोष्ट झाली. तुमची सार्वजनिक पोस्ट तिसऱ्याच कोणी बूस्ट केली, म्हणजे पुढे पसरवली, तर त्याच्या थ्रेड्सवरच्या फॉलोअर्सपर्यंत ती पोचू शकते. तेव्हा तुमचं ब्लॉक काय कामाचं?

पण माझी खरी रड वेगळी आहे. तिकडून कोणी आमच्या सदस्याला शिव्या घातल्या तर निस्तरणार मी, कामावरून घरी आल्यावर, फुकट. तक्रार पुढे पाठवता येते, पण तिकडे ती कोण वाचतं देव जाणे. म्हणून आम्ही ‘लिमिट’ लावलंय. ज्यांनी फॉलो केलंय त्यांना थ्रेड्सच्या पोस्टी दिसतात, बाकीच्यांच्या टाइमलाइनवर त्या येत नाहीत. त्रास वाढला तर सरळ ब्लॉक, मतदान वगैरे काही नाही.

सौ. निवांत:
म्हणजे नणंदबाई दिसतील? मग चालेल मला.

रात्रपाळी:
त्यांनी तिकडे ‘फेडिव्हर्स शेअरिंग’ (थ्रेड्सच्या पोस्टी मास्टोडॉनसारख्या जोडलेल्या सर्व्हर्सवर जाऊ देणारं सेटिंग) चालू केलं तरच. ते आपोआप चालू नसतं, आणि प्रोफाइल सार्वजनिकही लागतं.

फाटकी छत्री:
बघा! जोडणी म्हणे. किल्ली मेटाच्या कनवटीला, आणि उद्या त्यांनी ते बटणच काढलं तर?

अर्धा चहा:
काढलं तर काढलं. आज बोलून तर घेऊ.

सौ. निवांत:
नणंदेला फोन लावलाय, तिला ते सेटिंग सापडत नाहीये. सापडेपर्यंत तरी कोणी ब्लॉक करू नका.