मॅक ॲड्रेसला ‘पत्ता’ म्हणावं का?

प्रश्न
नववीच्या मुलांसाठी नेटवर्किंगची मराठी टिपणं काढतेय. मॅक ॲड्रेसला (नेटवर्कला जोडणाऱ्या कार्डाचा क्रमांक) ‘भौतिक पत्ता’ आणि आयपी ॲड्रेसला (नेटवर्कात शिरल्यावर मिळणारा क्रमांक) ‘तार्किक पत्ता’ असे शब्द मिळाले. वर्गात सांगितले तर एकीनं विचारलं, “बाई, भौतिक पत्ता म्हणजे आपण राहतो तो ना? मग तो आयपी झाला की!” मला उत्तर देता आलं नाही. याहून बरे शब्द आहेत का?

उत्तर
ताई, मुलगी अगदी बरोबर बोलली. आपल्याकडे पत्ता म्हणजे मु. पो.; बिऱ्हाड हललं की तो बदलतो. मॅक जागेला बांधलेलाच नाही. नेटवर्क कार्ड तयार होतं तेव्हाच त्यात ४८ बिटांचा हा क्रमांक घालतात. त्यातले पहिले २४ बिट आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेले तो स्वतः भरतो. लॅपटॉप नाशिकहून नागपूरला नेला तरी क्रमांक तोच. हा गाडीचा चासी नंबर झाला. आयपी मात्र ज्या नेटवर्कात शिराल तिथला मिळतो: घरी राउटर १९२.१६८.१.५ देईल, ऑफिसात १० ने सुरू होणारा मिळेल. म्हणून मी मॅकला ‘कार्ड क्रमांक’ म्हणतो आणि ‘पत्ता’ आयपीसाठी राखून ठेवतो. ‘तार्किक’ तर नकोच. मराठीत युक्तिवाद तार्किक असतो, पत्ता कसा असेल?

उत्तर
काका, ‘तार्किक’बद्दल सहमत, पण चासी नंबर पटला नाही. चासी नंबर लिहून कुणी पाकीट टाकत नाही. मॅकवर मात्र खरोखर माल पोचतो. नेटवर्कची कामं करते म्हणून हे रोज डोळ्यांसमोर असतं. माझ्या मशीनला राउटरशी बोलायचं असलं की आधी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, “१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे?” ज्याच्याकडे आहे तो आपला मॅक कळवतो, आणि मग फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या पाकिटावर, तोच मॅक लिहून ती रवाना होते. आयपीवरून मॅक शोधायची ही १९८२ सालची पद्धत, एआरपी, आजही चालू आहे. पत्ता लागणे म्हणतो ना आपण, तेच हे. फक्त मॅकची सद्दी आपल्या नेटवर्कपुरती. राउटर ओलांडला की पुढच्या टप्प्याला फ्रेमवर नवे मॅक चढतात, आतला आयपीवाला मजकूर पुढे जातो. मी ‘अंगणातला पत्ता’ म्हणेन.

आणि ‘क्रमांक तोच’ हेही आता फोनला लागू नाही. एका ठिकाणी वायफायवर कुणाला घ्यायचं त्या यादीत आईच्या फोनचा मॅक घातला होता. फोन बदललेला नसताना एके दिवशी तिला आत घेईना. दोन तास गेले तेव्हा कळलं, फोन बनावट मॅक दाखवत होता. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून वायफायसाठी असा बनावट मॅक वापरणं हीच मूळ सेटिंग आहे, माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून. ओळखायची खूण सोपी: मॅक आकडे आणि ए ते एफ अक्षरांत लिहितात, त्यातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई.

प्रश्नकर्ती
आत्ताच माझा फोन उघडून पाहिला. शाळेच्या वायफायवर सुरुवातीलाच ‘डीए’, म्हणजे बनावट! टिपणातून ‘भौतिक’ आणि ‘तार्किक’ दोन्ही खोडले. मॅक आणि आयपी हे शब्द तसेच ठेवते. ‘अंगणातला पत्ता’ सोमवारी त्या मुलीलाच विचारते.