विषय: कोटाची स्लीपिंग बॅग: कापड आणण्याआधी

नमस्कार मंडळी,

थंडीआधी बेघरांसाठी कोट शिवायचे, तर नमुना आताच ठरायला हवा. डेट्रॉइटच्या कॉलेज फॉर क्रिएटिव्ह स्टडीजमध्ये शिकताना व्हेरॉनिका स्कॉट यांनी २०१० साली केलेला कोट डोळ्यांपुढे आहे: दिवसा कोट, रात्री स्लीपिंग बॅग, नको तेव्हा खांद्याला अडकवायची पिशवी. ५८ इंच पन्ह्याचं पाणीरोधक नायलॉन एका नगाला पाच वार लागेल, अस्तरही तेवढंच, पॉलिएस्टरची भर साडेचार वार. पायांची पिशवी ४० इंच लांब आणि ६४ इंच घेराची. दिवसा घडी करून पाठीच्या खिशात. ती कोटाला जोडायला दोन इंची वेल्क्रो चालेल ना?

मेधा

---

मेधाताई,

वेल्क्रो नको. त्याच्या बारीक हुकांत ओला बर्फ गोठतो, लोकरीचे तंतू अडकतात आणि पकड जाते. त्याऐवजी सव्वा इंची टॉगल (आडवी लांबट बटणं) आणि इलॅस्टिकचे फास घ्या, दर आठ इंचांवर एक, म्हणजे आठ जोड्या. हातमोजे घालूनही लागतात. जोराने पाय झाडला की फास निसटतो, आणि तसा तो निसटायलाच हवा. रस्त्यावर झोपलेल्या माणसाला कधीही उठून पळावं लागतं. पाय अडकवून ठेवणारी पिशवी देणं मला धोक्याचं वाटतं.

पिशवीची वरची कड कोटाच्या आत आठ इंच चढवा. उलट केलंत तर कोटावरून ओघळलेलं पाणी थेट पायांत उतरेल.

शिवताना हात आपोआप गोधडीकडे वळतो, तो आवरा. आरपार धावदोरा पडला की त्या ओळीत भर दबते, तिथून गारठा आत येतो आणि सुईच्या भोकांतून पाणीही. भर फक्त अस्तराला टाचा. बाहेरचं कापड सुटं ठेवून कडांना जोडा, अर्ध्या इंचाची माया सोडून. पिसांची भर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका: भिजली की तिचे गोळे होतात.

आणि अंगाखाली दबलेली भर जमिनीची थंडी फारशी अडवत नाही, ती जाड घेतली तरी. पाणी न पिणाऱ्या फोमचा १० मिलिमीटर जाड, २० बाय ४० इंचांचा तुकडा प्रत्येक कोटाबरोबर द्या.

सुनील

---

सुनीलदादांशी सहमत. थोडी भर घालते.

पुढची चेन दहा नंबरची, प्लास्टिकच्या जाड दातांची आणि दोन रनरची हवी, म्हणजे बसल्यावर खालून उघडता येते. रनरला दोरीचा फास बांधा. चेनमागे दोन इंची पट्टी हवी, पण ती मऊ कापडाची केली तर दातांत अडकते. टोपी तोंडावर पूर्ण बंद होईल अशी नको; श्वासाची वाफ आत राहून भर ओली होते. पिशवीच्या तळाला ५०० डेनियरचं, म्हणजे जाड धाग्याचं, मजबूत कापड लावा, कारण बूट चोरीला जातात म्हणून बरेच जण ते घालूनच झोपतात. रंग गडद घ्या. भडक रंगात झोपलेला माणूस लांबून दिसतो.

शिलाईबद्दल कळकळीने सांगते. आम्हाला कोट नको, काम हवं, असं एका बेघर बाईने सुनावल्यावर स्कॉट यांनी निवाऱ्यातल्या लोकांनाच पगारावर शिवायला घेतलं. आपणही निवाऱ्यात विचारू आणि मजुरीचे पैसे कापडाच्या आधी बाजूला काढू.

पहिला नग शिवून झाला की त्यावर बादलीभर पाणी ओता, बूट-हातमोजे घालून आत शिरा आणि अंधारात बाहेर पडून पाहा. त्यानंतरच बाकीचं कापड कापू.

अनघा